ऊन की उष्णता? हिरव्या पाण्याचा एक धडा आणि माझी एक चूक



आजचा लेख माझ्या एका चुकीपासून सुरू करते. पाचवीच्या वर्गाला 'पाणी' हा घटक शिकवताना मी एक सोपा प्रयोग घेतला होता. तळ्यातलं थोडं हिरवट पाणी दोन बाटल्यांत भरलं. एक बाटली व्हरांड्यात उन्हात ठेवली, दुसरी कपाटात. दहा-बारा दिवसांनी उन्हातली बाटली गर्द हिरवी झाली होती आणि कपाटातली होती तशीच मळकट. मी फळ्यावर निष्कर्ष लिहिला, 'शैवालाच्या वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो.' मुलांनी वहीत उतरवून घेतला. झाला प्रयोग!

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण उन्हातली बाटली गरम पण झाली होती. हात लावला तर कळत होतं. मग ते उजेडामुळे झालं की गरम झाल्यामुळे?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, प्रकाश आणि तापमान, आणि श्रेय मात्र एकीलाच देऊन टाकलं होतं. आपण प्रयोग घेतो, पण प्रयोगाचा पहिला नियमच, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, किती सहज विसरतो!

त्या प्रश्नामुळे मी बरंच वाचलं आणि प्रयोग पुन्हा घेतला. तो सगळा प्रवास या लेखात देत आहे. पाचवी ते आठवीच्या कोणत्याही वर्गात हा पाठ घेता येईल. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मुलांना तर तो जवळचा वाटेलच, कारण पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्या त्यांनी पुलावरून जाता-येता पाहिलेल्या असतात.

१) आधी ओळख : हे नेमकं कोण आहे?

साचलेलं पाणी हिरवं दिसलं की आपण सरसकट 'शेवाळ' म्हणतो. पण हिरवेपणाची कारणं वेगवेगळी असतात. दगडावरचं निसरडं शेवाळ वेगळं, पाण्यात तरंगणारी हिरवी शैवालं वेगळी आणि जलपर्णी तर चक्क पानाफुलांची वनस्पती. आज आपण ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत ते म्हणजे नील-हरित शैवाल, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया.

नावात 'शैवाल' असलं तरी हे खरं तर जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. पण वनस्पतींसारखं प्रकाशसंश्लेषण करून ते स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात. पृथ्वीवर ते अतिशय जुने. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याचमुळे. मुलांना हे आवर्जून सांगा. नाहीतर धडा संपेपर्यंत ते फक्त खलनायक होऊन बसतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या हिरवट रंगामागे हेच असतात. शेतकरी जनावरांना जो अझोला घालतात, त्याच्या पानात राहून हवेतला नायट्रोजन पकडणाराही यांचाच एक भाऊबंद, ॲनाबिना.

मग अडचण कधी होते? यांची संख्या बेसुमार वाढून पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा थर येतो तेव्हा. याला 'शैवालबहर' म्हणतात. आंब्याला बहर येतो तसाच हाही बहर, फक्त नकोसा. असा बहर आणणाऱ्यांत मायक्रोसिस्टिस हे नाव सगळ्यांत जास्त ऐकू येतं. त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विषद्रव्य तयार करतात आणि ते यकृताला इजा करतं.

२) प्रकाश : हवा, पण हवा तेवढाच

प्रकाश म्हणजे यांची चूल. चूल पेटली नाही तर स्वयंपाक नाही. पण प्रकाश जितका जास्त तितकी वाढ जास्त, असं सरळ गणित नाही. अंधारात वाढ होत नाही. प्रकाश वाढत जातो तशी वाढ वाढते. मग एक टप्पा असा येतो की प्रकाश आणखी वाढवला तरी वाढीचा वेग तेवढाच राहतो, कारण पेशीची अन्न तयार करायची यंत्रणाच पूर्ण भरलेली असते. आणि फारच प्रखर प्रकाश मिळाला तर ती यंत्रणा बिघडू लागते आणि वेग कमी होतो. मुलांना मी असं सांगितलं, "तव्याखाली आच नसेल तर भाकरी कच्ची राहते, बेताची असेल तर छान भाजते आणि फार मोठी केली तर करपते."

आता यांच्या दोन खास युक्त्या बघा.

पहिली युक्ती रंगाची. पानांतलं हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं. नील-हरित शैवालाकडे हरितद्रव्य असतंच, शिवाय फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं. ते नारिंगी रंगाचा प्रकाश पकडतं, म्हणजे इतरांकडून बऱ्यापैकी वाया जाणाऱ्या प्रकाशावरही यांचा संसार चालतो. गढूळ, मंद उजेडाच्या पाण्यात टिकायला याचा चांगला उपयोग होतो.

दुसरी युक्ती तरंगण्याची. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेने भरलेल्या अगदी बारीक पोकळ पिशव्या असतात. त्यामुळे तो वर येऊन तरंगू शकतो. दिवसभर ऊन मिळालं की पेशीत साखरेसारखे पदार्थ साठतात, पेशी जड होते आणि खाली जाऊ लागते. रात्री ते पदार्थ वापरले जातात, पेशी हलकी होते आणि पुन्हा वर येते. म्हणूनच संथ पाण्यात हिरवा थर बऱ्याचदा सकाळी जास्त ठळक दिसतो. वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे लिफ्टच की!" त्याने दिलेली उपमा माझ्यापेक्षा चांगली होती, म्हणून इथे देते.

या लिफ्टमुळे होतं काय? वर आलेला थर खालच्या सगळ्यांचा उजेड अडवतो. तळाजवळच्या पाणवनस्पती आणि इतर शैवालं अंधारात पडतात. स्वतः उजेडात बसायचं आणि दुसऱ्यावर सावली धरायची, असा हा प्रकार आहे.

३) तापमान : वेग ठरवणारा

तापमानाचं काम वेगळं आहे. प्रकाशातून अन्न बनतं, पण ते वापरून पेशी किती लवकर वाढणार आणि दुभंगणार, हे मोठ्या प्रमाणात तापमानावर ठरतं. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मायक्रोसिस्टिसची वाढ फारच मंदावते. २५ अंशांच्या पुढे तिला वेग येतो आणि २८ ते ३२ अंशांच्या आसपास ती जोरात असते. डायटम नावाची सोनेरी-तपकिरी सूक्ष्म शैवालं असतात. ती थंड पाण्यात चांगली वाढतात, पण पाणी असं गरम झालं की मागे पडतात. हिरव्या शैवालांनाही गरम पाणी चालतं, पण सगळ्यांनाच तरंगायची सोय नसते.

वेगातला फरक किती मोठा होतो, हे गणिताच्या तासाला घ्या. समजा, एका बाटलीत पेशींची संख्या दर दोन दिवसांनी दुप्पट होते आणि दुसऱ्या बाटलीत दर पाच दिवसांनी. वीस दिवसांत पहिल्या बाटलीत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एका पेशीच्या १०२४ झाल्या. दुसऱ्या बाटलीत चार वेळा दुप्पट, म्हणजे फक्त १६. माझ्या वर्गात बहुतेकांनी आधी "अडीचपट फरक पडेल" असा अंदाज केला होता. उत्तर निघालं ६४ पट! बहर 'एका रात्रीत आला' असं लोकांना का वाटतं, ते इथे कळतं. तो आधीपासून दुप्पट होत असतो, आपल्याला दिसतो तो शेवटच्या दोन-तीन दुपटींना.

४) उन्हाने पडणारे पाण्याचे थर

प्रकाश आणि तापमान ही एकमेकांची कामंही बदलतात. ऊन पाण्याच्या वरच्या भागाला तापवतं. गरम पाणी हलकं, ते वरच राहतं. थंड पाणी जड, ते तळाशी. वारा नसेल, प्रवाह नसेल तर हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. घरी बादलीत गरम पाणी ओतून न ढवळता हात घाला, वर चटका आणि खाली गार. अगदी तसंच.

इथे आपल्यासारख्या उष्ण प्रदेशासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाणी ५ वरून ६ अंशांवर गेलं तर त्याच्या घनतेत अगदी किरकोळ फरक पडतो. पण २५ वरून २६ वर गेलं तर त्याच्या सुमारे दहापट फरक पडतो. म्हणजे आपल्याकडच्या कोमट पाण्यात एक-दोन अंशांच्या फरकानेही थर पक्के होऊ शकतात.

थर पडले की तरंगणाऱ्यांचं फावतं. डायटमसारखे जड जीव ढवळलेल्या पाण्यात वर-खाली फिरत राहतात आणि त्यांना अधूनमधून उजेड मिळतो. पाणी स्थिर झालं की ते बुडतात. शिवाय गरम पाणी पातळ असतं, त्यात ते आणखी लवकर बुडतात. मायक्रोसिस्टिस मात्र लिफ्टने वर येऊन उजेड आणि ऊब दोन्ही घेतो.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या एका तलावात १९९० च्या दशकात याच ज्ञानाचा वापर केला गेला. तळाशी नळ्या टाकून हवेचे बुडबुडे सोडले आणि पाणी ढवळत ठेवलं. मायक्रोसिस्टिसचं वर्चस्व कमी झालं आणि त्याची जागा डायटम व हिरव्या शैवालांनी घेतली. ऊन तेच होतं, फक्त लिफ्टचा फायदा काढून घेतला.

५) आपल्या पिंपरीचं वर्ष कसं असतं?

ॲमस्टरडॅमला उन्हाळ्यात दिवस सुमारे १७ तासांचा आणि हिवाळ्यात ८ तासांपेक्षाही लहान असतो. तिथे हिवाळ्यात उजेडही कमी आणि पाणीही गार, त्यामुळे बहराचा हंगाम ठरलेला असतो. आपण १८-१९ अक्षांशांवर. आपला सगळ्यांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यांत लहान सुमारे अकरा तासांचा. उजेडाचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नसतो आणि पाणीही फार गार होत नाही.

मग आपल्याकडे ऋतूंनी काय बदलतं? पावसाळ्यात ढगांनी ऊन कमी होतं, नदी गाळाने चहासारखी होते, त्यामुळे पाण्यात उजेड शिरत नाही. आणि मुख्य म्हणजे पाणी वाहतं. वाढायच्या आत सगळं वाहून जातं. पाऊस थांबला की ऑक्टोबरचं ऊन तापतं, गाळ खाली बसतो, पाणी नितळ आणि संथ होतं. फेब्रुवारीनंतर तर पाणी कमी, बंधाऱ्यामागे साचलेलं आणि दिवसेंदिवस तापत जाणारं. म्हणजे प्रकाश, तापमान आणि स्थिरता तिन्ही एकत्र.

पवनेवर याच दिवसांत जलपर्णी पसरलेली आपण पाहतो. मुलांना विचारा, "जलपर्णीच्या गालिच्याखाली नील-हरित शैवाल वाढेल का?" विचार केल्यावर त्यांनाच उत्तर सापडतं. जलपर्णी वरचा उजेड अडवते, त्यामुळे खाली शैवालाची वाढ रोखली जाते. पण नुसती जलपर्णी काढली आणि पाण्यातलं खत तसंच राहिलं तर? मोकळ्या झालेल्या पाण्यात ऊन पोचतं आणि तेच खत खायला दुसरं कुणीतरी येऊ शकतं.

'पाण्यातलं खत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याच्याकडे पाचव्या बाटलीत येऊ.

६) कृती : चार बाटल्यांचा प्रयोग

दोन बाटल्यांनी चूक झाली, म्हणून या वेळी चार घेतल्या.

साहित्य : एकसारख्या चार पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्या, मातीची दोन पसरट भांडी, वाळू, फॉइल (पोळ्या गुंडाळतो ती), थर्मामीटर, पांढरा कागद.

सुरक्षितता आधी! तळ्याचं पाणी मुलांना आणायला सांगू नका. मी स्वतः हातमोजे घालून आणलं, बाटल्या मीच भरल्या आणि मुलांनी त्या उघडायच्या नाहीत असा नियम केला. बूच अगदी घट्ट लावलं नव्हतं.

चार बाटल्या अशा :

बाटली अ : उजेड आणि ऊब
बाटली आ : उजेड आणि गारवा
बाटली इ : अंधार आणि ऊब
बाटली ई : अंधार आणि गारवा

अंधारासाठी बाटल्यांना फॉइल गुंडाळलं. आधी मी काळा कागद लावणार होते, पण काळा रंग उन्हात जास्त तापतो, म्हणजे पुन्हा तापमान बदललं असतं. गारव्यासाठी मातीच्या एका भांड्यात ओली वाळू घेतली आणि बाटल्या त्यात निम्म्या रोवल्या. वाळू दिवसातून तीनदा भिजवायची. माठ जसा पाणी गार ठेवतो तसंच. यावर मुलांनीच हरकत घेतली, "मॅडम, वाळूने खालचा उजेड अडेल." म्हणून ऊब देणाऱ्या बाटल्याही तेवढ्याच रोवल्या, पण कोरड्या वाळूत. आता फरक उरला फक्त ओल्या-कोरड्याचा. तुम्हीही मुलांना अशा हरकती घेऊ द्या. खरं विज्ञान तिथेच शिकलं जातं.

चारही बाटल्या व्हरांड्यात शेजारी-शेजारी ठेवल्या. रोज सकाळी ११ आणि दुपारी ३ वाजता वाळूचं तापमान मुलांनी लिहिलं. हिरवेपणा मोजायला एक साधी युक्ती केली. पांढऱ्या कागदावर काळी फुली काढून ती बाटलीमागे धरायची. स्पष्ट दिसली तर ३ गुण, पुसट दिसली तर २, जेमतेम १ आणि दिसलीच नाही तर ०. फॉइलच्या बाटल्यांचं फॉइल फक्त आठवड्यातून एकदा, मिनिटभरासाठी काढायचं.

आम्हाला काय दिसलं? 'अ' सगळ्यांत आधी हिरवी झाली. 'आ' पण हिरवी झाली, पण बऱ्याच उशिरा आणि फिकट. 'इ' आणि 'ई' मध्ये हिरवा रंग वाढलाच नाही. उलट 'इ' बाटलीच्या बुचाजवळ वास यायला लागला. "ऊब होती तरी का नाही वाढलं?" असं विचारल्यावर त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच उत्तर दिलं, "चूलच नव्हती ना मॅडम! नुसतं गरम ठेवलं तर अन्न नासतं."

म्हणजे तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं : उजेड नसेल तर वाढ सुरूच होत नाही, आणि उजेड असेल तर ती किती वेगाने होणार हे तापमान ठरवतं. उन्हातल्या बाटलीत दोन्ही होतं. माझा फळ्यावरचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण अर्धा होता.

एक प्रामाणिक सूचना. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक नाही, त्यामुळे बाटलीत वाढलेलं सगळं नील-हरित शैवालच होतं असा दावा मी करत नाही. हिरवी शैवालंही असणार. एक ढोबळ चाचणी मात्र करता येते. काचेच्या बरणीत ते पाणी भरून रात्रभर अजिबात न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर गोळा झाला असेल तर नील-हरित शैवालाची शंका घ्यावी. हिरवेपणा तळाशी बसला असेल तर बहुधा इतर शैवाल. हा अंदाज आहे, पक्कं निदान नाही.

प्रयोग संपल्यावर बाटल्यांत ब्लीचिंग पावडर घालून एक दिवस ठेवलं आणि पाणी शौचालयात ओतून दिलं. बाटल्या पुन्हा वापरायच्या नाहीत.

७) पाचवी बाटली : सगळ्यांत महत्त्वाची

चार बाटल्यांवर थांबले असते तर मुलं एक चुकीची गोष्ट शिकून घरी गेली असती. "पाणी हिरवं होतं ते उन्हामुळे. ऊन काय आपल्या हातात आहे?" असं म्हणून सगळे मोकळे!

म्हणून पाचवी बाटली ठेवली. जागा अगदी 'अ' बाटलीशेजारी, तेवढाच उजेड, तेवढीच ऊब. फक्त आत दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी आणि त्यात एक चमचा तळ्याचं पाणी. तीन आठवड्यांनीही त्यातून फुली स्पष्ट दिसत होती.

ऊन तेच, उष्णता तीच, बियाणंही घातलेलं. मग कमी काय होतं? खत! तळ्याच्या पाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजनची चंगळ असते. ते येतं मैलापाण्यातून, साबण-डिटर्जंटमधून, शेतातून वाहून आलेल्या खतांतून.

हीच गोष्ट १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात फार मोठ्या प्रमाणावर दाखवली गेली. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, पण फॉस्फरस फक्त एकाच भागात. त्या भागात नील-हरित शैवालाचा बहर आला, दुसरा भाग तसा आला नाही. दोन्हीवर सूर्य एकच होता. त्या तलावाचा वरून काढलेला फोटो जगभर गाजला. शक्य असेल तर मुलांना नक्की दाखवा.

या पाठाचा सार मुलांनी त्यांच्या शब्दांत असा लिहिला : ऊन आणि उष्णता ठरवतात पाणी 'कधी' हिरवं होणार, आणि आपलं सांडपाणी ठरवतं 'किती' हिरवं होणार. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी आहे. आणि उन्हाळे जसजसे तापत जातील तसतसं 'कधी' वाढत जाणार, म्हणून 'किती' कमी करणं आणखी गरजेचं.

८) पालकांसाठी थोडं

हिरवं दिसणारं प्रत्येक पाणी विषारी नसतं. पण कोणतं आहे आणि कोणतं नाही, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून नदी-तलावात हिरव्या रंगासारखा थर दिसला तर मुलांना त्यात उतरू देऊ नका, हात-पाय धुऊ देऊ नका आणि कुत्र्या-जनावरांना ते पाणी पाजू नका. चुकून अंगाला लागलं तर स्वच्छ पाण्याने धुवा.

आणखी एक गैरसमज. "पाणी उकळलं की झालं" हे आपण नेहमी म्हणतो आणि जंतूंच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण मायक्रोसिस्टिन उकळल्याने जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मिसळतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची दीर्घकाळासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात हे विषद्रव्य आढळलं तेव्हा चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. त्यांचं पाणी एरी सरोवरातून येतं आणि तिथे बहर आला होता.

घाबरवायचा हेतू नाही. आपल्या शहराचं बरंचसं पाणी पवना धरणातून नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन मग घरी पोचतं. पण शुद्धीकरण केंद्राचं काम सोपं की अवघड, हे नदीत काय येतं यावर ठरतं, एवढं मुलांना कळायला हवं.

९) वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. घराच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं तर आत हिरवं का होतं? काळ्या टाकीत कमी का होतं?
२. भर उन्हाळ्यातही खळखळ वाहत्या ओढ्यात हिरवा थर का दिसत नाही?
३. दाट बहर असलेल्या तलावात मासे बहुतेक वेळा पहाटे का मरतात? (सूचना : रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं, श्वसन मात्र चालू असतं.)
४. पाचवी बाटली ठेवली नसती तर आपला कोणता निष्कर्ष चुकला असता?
५. आपल्या घरातलं सांडपाणी कुठे जातं? आई-बाबांना विचारून नकाशा काढा.

या पाचव्या प्रश्नाबद्दल सांगून थांबते.

आपल्या भागातल्या अनेक मुलांचं गाव दुसरीकडे असतं, कंपनीतल्या नोकरीसाठी घर इथे आलेलं असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आजोळ करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. हिरव्या बाटलीकडे बघून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आजीकडे पाणी असंच असतं, उन्हाळ्यात जास्त." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

मग नकाशाचा तास आला. मुलांनी फळ्यावर निळ्या खडूने रेघ ओढली. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा पुढे पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. आणि भीमा जाते उजनीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या सगळ्या नद्यांची नावं आहेत. उजनीत पोचल्यावर पाणी थांबतं, पसरतं, तापतं. म्हणजे उजेड, ऊब, संथपणा आणि वरून आलेलं खत. आमची 'अ' बाटलीच, फक्त धरणाएवढी मोठी. अर्थात ते खत काही एकट्या पिंपरीचं नाही. पुण्याचं आहे, वाटेतल्या गावांचं, शेतांचंही आहे. पण आपलंही आहे.

रेघ उजनीपर्यंत पोचली तेव्हा तो मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि धरणाच्या काठावर खडूने एक छोटं घर काढलं. म्हणाला, "हे आजीचं."

वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर मला 'सांडपाणी वाया जातं' हे वाक्य पुस्तकातून वाचून दाखवायची गरज पडली नाही. पाणी कुठेही 'वाया' जात नाही. ते कुणाच्या तरी आजीकडे जातं.

तुम्ही हा प्रयोग घेतलात तर पाचवी बाटली विसरू नका. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला तर फळा पुसायला लाजू नका.